ऊस नसलेली गाणी

कोल्हापुरात कानाचं काही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात. राजारामपुरीत दवाखाना आहे, बाहेर पाटीवर 'डॉ. शर्वरी घोरपडे, कान-नाक-घसा' असं ठळक लिहिलंय, आणि त्याच पाटीखालून रोज जा-ये करणारा माझा नवरा बहिरा होत चालला होता. आमच्या संसारात सगळ्यात जास्त बोलली गेलेली वाक्यं दोनच. मी विचारायची, "ऐकलंस का?" आणि तो म्हणायचा, "काय?" तपासून घे म्हटलं की सांगायचा, माझे कान ठणठणीत आहेत, तूच हल्ली पुटपुटतेस. कानाच्या डॉक्टरणीला हे ऐकून घ्यावं लागतं, यापेक्षा जास्त काय सांगू.

नवरा साधा माणूस असता तर मी सोडूनही दिलं असतं. पण धैर्यशील 'ओतीव'चा साउंडवाला. ओतीव म्हणजे उद्यमनगरातली त्याच्या वडिलांची फौंड्री, लोखंड ओतायचा कारखाना. वडील गेले, कामं मोठ्या कारखान्यांकडे गेली, तेव्हा त्याने भट्ट्या काढून टाकल्या, एका टोकाला लाकडी स्टेज बांधलं, भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या आणि दर शनिवारी संध्याकाळी तिथे रॉक आणि पॉपचे बँड वाजवायला लागले. तीनेकशे माणसं उभी राहतील एवढीच जागा. पावसाळ्यात अजूनही तिथे ओल्या वाळूचा आणि लोखंडाचा वास येतो.

त्याने हे सुरू केलं तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. तुमचा मूड ओळखून फक्त तुमच्यासाठी गाणं बनवून देणारी यंत्रं तेव्हा घरोघरी येत होती. माणसांचं गाणं ऐकायला आता कोण पायऱ्या झिजवणार, असं लोक म्हणायचे. झालं उलटंच. वर्षभर स्वतःपुरतं गाणं ऐकून माणसं कंटाळली. कालचं गाणं काय भारी होतं, असं म्हणायला शेजारी कोणी उरलं नव्हतं, कारण शेजाऱ्याचं गाणं वेगळंच होतं. मग सांगली, इचलकरंजी, बेळगाव, सगळीकडे छोटे छोटे हॉल निघाले आणि शनिवारी पोरापोरींच्या रांगा लागायला लागल्या. मात्र बहुतेक हॉलांनी साउंडच्या डेस्कवर माणसाऐवजी मशीन बसवलं. हे मशीन प्रत्येक वाद्य ऐकतं, कमी-जास्त असेल ते क्षणात सारखं करतं आणि कधीच चुकत नाही. बँड कुठलाही असो, आवाज तोच, इस्त्री केलेला.

ओतीवला मशीन नव्हतं, धैर्यशील होता. आणि ओतीवचा आवाज असा होता की तो ऐकायला पुण्याहून, बेंगळुरूहून माणसं यायची. मी याचं वर्णन ऐकीव माहितीवर करते आहे. आवाज मोठा असूनही कानाला लागत नाही म्हणे, थंडीत कुणीतरी मागून अंगावर घोंगडं टाकावं तसं वाटतं म्हणे. मी स्वतः तो नीट ऐकलेला नव्हता. पेशाने कानाची डॉक्टर असल्यामुळे मी तिथे कायम दोन्ही कानांत बोळे घालून डेस्कमागे उभी राहायची. लोक हसायचे. हसू देत.

ओतीवचा घरचा बँड 'काहील', गुऱ्हाळात उसाचा रस उकळतात त्या कढईचं नाव. तिघांचा. नौशीन मुजावर गाणी लिहिते, गाते आणि बास वाजवते. कोल्हापूरची पोरगी, स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलणारी. अभय चौगुले गिटारवर, दिवसा तो औषधांच्या दुकानात असतो. आणि सॅमी काळे ड्रमवर. ही तिघं ओतीवच्या पहिल्या वर्षापासूनची. नौशीनच्या गाण्यांवर पुण्यातल्या एका समीक्षकाने मोठा लेख लिहिला होता. कोल्हापूरचा बँड, नाव 'काहील', आणि एकाही गाण्यात ऊस नाही, ही केवढी धीट भूमिका आहे, ग्रामीण प्रतिमांना दिलेला केवढा ठाम नकार आहे, वगैरे वगैरे. नौशीनने तो लेख वाचला आणि चहा पिता पिता हसली.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग बेळगावच्या एका बँडच्या वेळी शिट्टी वाजली.

माइकचा आवाज स्पीकरमधून परत माइकमध्ये शिरला की जी कर्कश शिट्टी वाजते, ती. माझ्या बोळ्यांतूनही ती सुईसारखी आत गेली. तीनशे माणसांनी एकदम कानांवर हात नेले. आणि डेस्कवरचा माझा नवरा समोर बघून हसत होता. हात वर गेलेले बघून त्याला वाटलं, लोक दाद देतायत. त्याने आपलाही हात वर केला.

मी पुढे झेपावून आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, फेडर, खाली ओढली. शिट्टी थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग लोकांच्या चेहऱ्यांकडे, आणि मग त्याचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला गेले तर हा माझ्याआधी पायरीवर बसलेला.

"तपास," म्हणाला. "पण पेशंट म्हणून. बायको म्हणून टोमणे नकोत."

*

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात हजारो रोमपेशी ओळीने उभ्या असतात. आवाज आला की नळीतलं पाणी हलतं, पेशींवरचे बारीक केस वाकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. नळीच्या तोंडाशी असतात त्या उंच, बारीक आवाजांच्या पेशी, आणि आत टोकाला खर्जाच्या. मोठ्या आवाजाचा मारा वर्षानुवर्षं झाला की तोंडाकडच्या पेशी आधी मरतात. त्यामुळे बहिरेपण बारीक आवाजांपासून सुरू होतं. आधी चिमण्या जातात, मग फोडणीची तडतड, मग बोलण्यातले 'स' आणि 'श'. ढोल मात्र शेवटपर्यंत ऐकू येतो, म्हणून माणसाला वाटतं, आपले कान शाबूत आहेत. धैर्यशीलने तरुणपणी फौंड्रीत ग्राइंडरवर ओतकामं घासली होती आणि त्यानंतर स्पीकरांपुढे उभा राहिला होता. त्याच्या ऐकण्याच्या आलेखातली वरची, बारीक आवाजांची पट्टी जवळजवळ कोरी होती.

कोंबडीच्या कानात मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. शास्त्रज्ञ कित्येक वर्षं या एका गोष्टीवर डोकं आपटत होते. माणसाच्या कानातही रोमपेशींच्या शेजारी आधाराच्या पेशी असतात, पण त्या नुसत्या खांबासारख्या उभ्या राहतात. 'अंकुर' उपचार आला तो यातूनच. कानाच्या पडद्यातून बारीक सुईने एक जेल आत सोडायचं. ते आधाराच्या पेशींना एक जुना हुकूम पुन्हा देतं, आईच्या पोटात असताना मिळालेला: रोमपेशी हो. काही महिन्यांत नवी ओळ उगवते. अडचण एवढीच की खांब एकदाच वापरता येतात. नव्या पेशीही मेल्या तर तिथे उगवायला काही शिल्लक राहत नाही.

हे सगळं मी त्याला पेशंट म्हणून सांगितलं. मग बायको म्हणून सांगितलं, की यानंतर ओतीवचा आवाज मी सांगेन त्याच्या वर जाता कामा नये. डेस्कवर आवाज मोजायचं यंत्र ठेवेन, लाल दिवा लागला की उठून मेन फेडर खाली ओढेन, मग स्टेजवर कुणीही असो.

"चालेल," तो म्हणाला. "पण बँडला सांगायचं नाही."

"का?"

"इतकी वर्षं बहिऱ्याच्या हातात आवाज दिला होता, असं कळल्यावर त्या पोरांना काय वाटेल?"

चाळिशीतल्या त्या पोरांना काय वाटेल हा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न याच्या ऐटीचा होता. मी ते बोलले नाही. टोमणे नकोत म्हणाला होता ना.

*

ऐकू यायला लागलं ते जेल सोडल्यावर काही महिन्यांनी, एका रविवारी, स्वयंपाकघरात. मी पोह्यांसाठी तेलात मोहरी टाकली आणि हा पेपर टाकून आत आला. "काय फुटलं?" मी कढईकडे बोट दाखवलं. त्याने वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "अजून टाक." त्या दिवशी पोह्यांत मोहरीच जास्त होती. आम्ही ते पोहे खाल्ले आणि मी आत जाऊन थोडी रडून घेतली.

पुढचे काही आठवडे त्याला घर नवंच वाटत होतं. पिशवीची चुरचुर, स्वतःच्या शर्टाची सळसळ, नळाचा शेवटचा थेंब. मधेच एकदा मला म्हणाला, "तू असं खर्जात का बोलतेस गं? पूर्वी तुझा आवाज असा नव्हता." मी विचारात पडले. खरंच नव्हता. त्याला ऐकू जावं म्हणून मी कधी आवाज खाली नेला आणि मग तोच माझा होऊन बसला, हे माझं मलाही कळलं नव्हतं.

उपचाराचे महिने ओतीव डागडुजीच्या नावाखाली बंद ठेवलं होतं; मग तो पहिला शनिवार आला. मी त्याला शेवटच्या तपासणीसाठी दुपारभर दवाखान्यात अडकवून ठेवलं होतं, त्यामुळे साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची जुळणी, चुकवून तो थेट कार्यक्रमालाच पोचला. तो डेस्कवर बसला, बोटं मोडली आणि नव्या कानांनी आवाज लावायला सुरुवात केली. 'काहील'ने पहिलंच गाणं त्यांचं सगळ्यात गाजलेलं घेतलं:

"मी उकळत राहिले, बाई, काठोकाठ भरून,
हात नको लावू मला, अजून मी गरम."

गाणं तेच, माणसं तीच, पण हॉलमध्ये काही घडेना. आवाज पेंगुळलेला होता. ड्रम पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा, गिटार उशीखालून, आणि नौशीनचं तोंड जणू कुणी रुमालाने धरलंय. पहिल्या दोन गाण्यांनंतर मागची माणसं आपापसांत गप्पा मारायला लागली. ओतीवमध्ये हे मी कधी बघितलं नव्हतं. धैर्यशीलचे हात डेस्कवर इकडून तिकडे धावत होते, आणि जितकं तो नीट करायला जाई तितकं ते आणखी मलूल होई.

पुढच्या शनिवारी सांगलीचा एक पॉप बँड होता. तीच गत. त्याच्या पुढच्या शनिवारी निम्मा हॉल रिकामा.

"कान आले आणि हात गेला," तो घरी येऊन म्हणाला. "मला काय करायचं तेच आठवत नाही, शर्वरी. आता मी जे करतोय ते बरोबर आहे. सगळं मोजून बरोबर आहे. आणि वाईट आहे."

मी म्हटलं, कानाला सवय व्हायला वेळ लागतो, मेंदू नव्याने शिकतो. डॉक्टर म्हणून हे खरं होतं. पण त्याचं ठरलं होतं. त्याने मशीनवाल्या कंपनीला फोन केला. सोमवारी त्यांचा माणूस येऊन डेस्क काढून नेणार होता. त्याआधीचा शनिवार 'काहील'चा होता, आणि तो धैर्यशीलचा शेवटचा. बँडला त्याने फक्त एवढंच सांगितलं की आता माझं वय झालं.

*

त्या शनिवारी दुपारी साउंडचेकला मीही गेले. घरी बसवेना. धैर्यशील डेस्कखाली पालथा पडून वायरी जोडत होता. नौशीन स्टेजच्या कडेला पाय सोडून बासच्या तारा लावत होती, अभय कुणाशी तरी फोनवर खोकल्याच्या औषधाबद्दल बोलत होता. कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. सॅमीने स्टेजच्या दाराजवळच्या खिळ्यावरून कापडी टेपचं रीळ काढलं, नेहमीप्रमाणे ड्रममागे वाकला आणि पट्टी ओढली. चर्रर्र.

डेस्कखाली धाडकन आवाज झाला. धैर्यशीलचं डोकं आपटलं होतं. तो डोकं चोळत बाहेर आला.

"सॅमी, कसला आवाज तो?"

सॅमीच्या हातातून रीळ सुटलं आणि घरंगळत स्टेजच्या कडेपर्यंत आलं.  अभयने फोन तसाच ठेवून दिला. नौशीन एकटीच भानावर होती.

"दादा," ती म्हणाली, "तुमाला ते ऐकू आलं?"

एकमेकांपासून लपवलेल्या दोन गोष्टी त्या क्षणी एकदम उघड्यावर आल्या. धैर्यशील स्टेजवर चढला. त्याने ड्रमची पितळी झांज, सिंबल, उलटी करून बघितली. खालून पट्ट्याच पट्ट्या, जुन्यावर नव्या, मधे घोंगडीचे तुकडे. मग तो अभयच्या गिटारकडे वळला. बारीक आवाज कमी-जास्त करणारं टोनचं बटण पार खाली फिरवलेलं होतं आणि वर डिंकाने पक्कं केलेलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या वर्षापासून," सॅमी म्हणाला. "तुम्ही वरचा आवाज लई वाढवायला लागलासा, दादा. सिंबल मारली की पुढच्या रांगेतली माणसं डोळे मिटायची. मग मी म्हटलं, आपणच जरा..."

"बाहेरचे बँड? ते पण?"

सॅमीने मान खाली घातली. "त्यांना मी सांगतो, इथली पद्धत आहे ही. आल्यावर, तुम्ही यायच्या आधी, खिळ्यावरनं पट्टी घ्यायची, सिंबलला लावायची. आता कुणी विचारतच नाही. बेळगावची पोरं तर लावताना पाया पडतात."

बेळगावच्या पोरांनीही सिंबलला टेप लावली होती, पण गाण्याच्या माइकला टेप लावता येत नाही, म्हणून ती शिट्टी. बाकी सगळ्या दक्षिण महाराष्ट्रातला प्रत्येक ड्रमर इतकी वर्षं माझ्या नवऱ्याच्या कानांसाठी सिंबलला टेप लावत होता, आणि बऱ्याच जणांना तो शुभशकुन वाटत होता. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. धैर्यशील रोज त्या रिळाजवळून जायचा. त्याला वाटायचं, ते वायरींसाठी आहे. आणि आता त्याने वरचा आवाज बरोबर लावला तरी टेप तशीच होती, म्हणून सगळं मलूल.

"मला येड्यात काढलासा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी इथं मोठा साउंडवाला म्हणून बसतोय, आणि तुम्ही मागं माझं निस्तरताय."

एवढं बोलून तो बाहेर निघून गेला.

*

फौंड्रीच्या फाटकासमोर शेवंता मावशींचा चहाचा गाडा आहे. तिथल्या बाकावर तो बसला होता. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने नौशीन आली आणि आमच्यासमोर उभी राहिली.

"वहिनी, तुमाला पण ठाऊक नव्हतं?"

मी कानातले बोळे काढून दाखवले. ती हसली. मग धैर्यशीलसमोर उकिडवी बसली, लहान पोराशी बोलतात तशी.

"दादा, सांगितलं असतं तर तुम्ही डेस्क सोडला असता."

"सोडला असता. त्यात काय? मशीन आणलं असतं. तुम्ही मोकळेपणानं वाजवलं असतं."

"मशीनसमोर मी गाऊन बघितलंय पुण्यात. सगळं छान ऐकू येतं. पण ते माझ्याकडं बघत नाही." ती थांबली. "तुम्ही बघता. मी श्वास घ्यायच्या आधी तुमचा हात फेडरवर गेलेला असतो. अभय सोलो घ्यायचं ठरवतो, ते त्याच्याआधी तुमाला कळतं. एकदा माझा घसा बसला होता, मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्ही पहिल्या ओळीलाच बास वर घेऊन मला झाकलासा. आठवतंय?"

त्याला आठवत असावं. त्याने चहाचा ग्लास नुसता हातात फिरवला.

मला तिथे, त्या बाकावर, एक गोष्ट कळली. ती मला डॉक्टर म्हणून फार आधी कळायला हवी होती. कानातलं जसजसं जात होतं तसतसा हा माणूस डोळ्यांनी ऐकायला लागला होता. नौशीनचे खांदे, अभयचं मनगट, सॅमीची भुवई. यंत्र आवाज झाल्यावर तो दुरुस्त करतं. हा आवाज व्हायच्या आधी तिथे जाऊन उभा राहायचा. असा माणूस मी पाहिला नाही, आणि तो माझ्याच घरात चहाला साखर कमी पडली म्हणून कुरकुरत असतो.

"आणि तू काय केलंस?" त्याने नौशीनला विचारलं. "त्याने टेप लावली, त्याने बटण चिकटवलं. तू?"

नौशीनने जमिनीकडे बघितलं. "तुमच्या डेस्कवरनं 'स' आणि 'श' लई टोचायचे. थुंकल्यासारखे यायचे. मग मी ते लिहायचंच सोडलं."

"काय सोडलं?"

"स, श. गाण्यात येऊच दिले नाहीत. श्वास नाही, पाऊस नाही, दिवस नाही. आधी अवघड गेलं, मग सवय झाली."

मी मनात तिची गाणी आठवून बघितली. एक, दुसरं, तिसरं. खरंच नव्हते. पुण्याच्या समीक्षकाची ती धीट भूमिका आठवली आणि मला इतका वेळ दाबलेलं हसू आवरेना.

"म्हणून ऊस नाही?" मी विचारलं.

"म्हणून ऊस नाही, वहिनी," ती म्हणाली. "मी शिरोलीची. घराच्या चारी बाजूंना ऊस. एक गाणं आहे त्याच्यावर, कधीचं लिहून ठेवलंय. गायलं नाही."

धैर्यशीलने हातातला ग्लास बाकावर ठेवला. डोळे भरले होते, ते त्याने पुसलेही नाहीत.  मग उठला.

"चल," म्हणाला. "मला एक ऐकायचंय."

*

डेस्कमध्ये जुनी सेटिंग्ज साठवलेली असतात. त्याने कान येण्याआधीचं, त्याच्या बहिरेपणातलं शेवटचं सेटिंग उघडलं. वरच्या पट्टीतले आकडे बघून तो स्वतःच दचकला. तोंडाची चव गेलेल्या माणसाने आमटीत मीठ घालावं, तसे ते होते.

"टेप आहे तशी राहू दे," त्याने स्टेजवर सांगितलं. "बटण पण. नौशीन, 'मी उकळत राहिले' घे. नेहमीसारखं."

त्यांनी वाजवलं. मी बोळे घातले नाहीत. आवाज माझ्या मर्यादेत होता, मी यंत्राकडे बघून खात्री केली होती, मग डोळे मिटले.

काय सांगू. अतिशय तिखट केलेलं आणि अतिशय मऊ केलेलं असं दोन्ही एकमेकांत मिसळून जे काही झालं होतं, ते कुठल्या यंत्राने मुद्दाम बनवलं नसतं, कारण त्यासाठी आधी इतकी मोठी चूक करावी लागली असती आणि मग कुणाला तरी ती इतक्या प्रेमाने सांभाळावी लागली असती. सिंबल दुरून आल्यासारखी, तरी प्रत्येक घाव स्पष्ट. गिटारला धार होती, पण ती कापत नव्हती. आणि मधोमध नौशीनचा आवाज, कुणी अगदी जवळ बसून बोलावं तसा. घोंगडं म्हणतात ते हे तर.

धैर्यशील खुर्चीवर बसून ऐकत होता. ज्या आवाजासाठी बेंगळुरूहून माणसं यायची, तो त्या आवाजाच्या मालकाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. गाणं संपलं तरी त्याने डेस्कला हात लावला नाही.

"असं होतं?" त्याने विचारलं.

"असंच होतं, दादा," सॅमी म्हणाला.

"मला वाटलं होतं बरं असेल. इतकं बरं असेल असं वाटलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शर्वरी, त्या मशीनवाल्याला फोन कर. सोमवारी येऊ नको म्हणावं."

"बाकावरनं उठलास तेव्हाच केला," मी म्हटलं.

मग तो पुन्हा स्टेजजवळ गेला आणि नौशीनला म्हणाला, "ते उसाचं गाणं शेवटी घे."

"ह्या सेटिंगवर? दादा, लोक पळून जातील."

"ह्या सेटिंगवर नाही. त्याला सेटिंगच नाही. तू गा, मी बघतो. आणि सॅमी, तेव्हा ती टेप काढायची."

*

संध्याकाळी हॉल भरला. धैर्यशीलचा शेवटचा शनिवार आहे अशी बातमी कुठूनतरी पसरली होती, आणि सोडून गेलेली माणसंही परत आली होती. पहिला तासभर ओतीव पूर्वीचं ओतीव होतं. लाल दिवा दोनदा लागला, दोन्ही वेळा मी उठायच्या आत त्यानेच फेडर खाली घेतला. आवाज कमी झाला की मागची माणसं पुढे सरकायची. शेवटी शेवटी तर सगळा हॉल स्टेजला चिकटून उभा होता.

मी परत बोळे घातले होते. सवय जात नाही.

शेवटच्या गाण्याआधी नौशीन म्हणाली, "हे नवीन आहे. म्हणजे जुनंच आहे." बाकी काही सांगितलं नाही. सॅमी सिंबलकडे वाकला. तो वाकायच्या आधीच धैर्यशीलचा हात सिंबलच्या माइकच्या फेडरवर गेलेला मी बघितला. आणि इतक्या वर्षांची टेप सिंबलवरून निघाली ती अख्ख्या हॉलमध्ये, चर्रर्र, लांबलचक, एका पट्टीमागून एक, आणि अभयने त्याच चरचरीवर गिटार सुरू केली. गाण्याची सुरुवातच ती झाली.

"सांग सख्या, शिवारात सळसळ कशाची?
ऊस उभा राहिलाय माझ्या उशाशी."

पहिला 'स' टोचला. मला बोळ्यांतूनही कळलं. धैर्यशीलचं बोट एवढंसं हललं. दुसरा कमी टोचला. तिसऱ्याला तो तिच्या ओठांकडे बघत नव्हता, डोळे मिटून ऐकत होता, आणि 'सळसळ' आली ती खरोखर सळसळत आली, हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. 'ऊस' म्हटल्यावर तीनशे कोल्हापूरकरांनी जी आरोळी ठोकली, ती बेळगावपर्यंत गेली असेल. नौशीनला पुढची ओळ गायला थांबावं लागलं. ती हसत होती आणि रडत होती, आणि सॅमी उघड्या सिंबलवर इतकं हळू वाजवत होता की मला त्याचा अभिमान वाटला, माझा काही संबंध नसताना.

धैर्यशीलने डोळे उघडले, माझ्याकडे वाकला आणि काहीतरी बोलला. मला फक्त ओठ हललेले दिसले.

"काय?" मी म्हटलं.

तो हसायला लागला. इतका हसला की त्याला एका हाताने डेस्क धरावा लागला. मग दुसऱ्या हाताने त्याने माझ्या कानातला बोळा काढून आपल्या खिशात टाकला, आणि अगदी हलक्या आवाजात पुन्हा विचारलं, "ऐकलंस का?"